हो दाबू का नाही दाबू?

आधी एक छोटंसं काम करा. खालचं वाक्य एकदाच वाचा आणि लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर द्या.

‘माझ्या घरातील सदस्य सध्या परगावी राहत नाहीत किंवा पूर्वी राहून आलेले नाहीत.’

अडखळलात ना? समजा घरातले सगळे जन्मापासून इथेच आहेत. मग उत्तर काय, ‘हो’ (म्हणजे वाक्य बरोबर आहे) की ‘नाही’ (म्हणजे कोणी राहत नाही)? आणि समजा काका दोन वर्षं पुण्याला राहून परत आलेत. मग? तुम्ही शिकलेले आहात, निवांत बसून वाचताय, चुकलात तरी काही जाणार नाही. आता हेच वाक्य मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर आहे, मागे रांग आहे, ओटीपीची मुदत संपत आलीय आणि उत्तरावर दर महिन्याचे दीड हजार रुपये अवलंबून आहेत असं समजा.

वाक्य मी रचलेलं आहे, पण त्याचा सांगाडा खरा आहे.

मी एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करून आता पीएच.डी. करतेय. विषय सोप्या भाषेत सांगायचा तर ‘फॉर्म भरताना माणसं कुठे आणि का चुकतात’. घरी विषय सांगितला तेव्हा आईचं म्हणणं पडलं की त्यात शोधायचं काय, फॉर्म वाईट असतात म्हणून चुकतात. सिनॉप्सिसमध्ये मी हेच चाळीस पानांत लिहिलंय.

राहते भवानी पेठेत. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते : हा शहराच्या पूर्वेकडचा भाग. यंत्रमाग, विडी कामगार, आणि घराघरात तेलुगू. आमच्या गल्लीत एका वाक्यात तीन भाषा येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या शेजारच्या अक्कांनी पस्तीस-चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, पुढ्यात कापलेली पानं, आणि तोंड मोकळं असल्यामुळे गप्पा अखंड. अक्कांना मराठी बोलता येतं, वाचताही येतं, पण सावकाश. अशाच एका फॉर्मवर एका प्रश्नापाशी थांबून त्यांनी मला विचारलं होतं, ‘‘हो दाबू का नाही दाबू, सांग की.’’ मी प्रश्न वाचला. परत वाचला. आणि खरं सांगते, मलाही पटकन सांगता आलं नाही. या विषयात डॉक्टरेट करणाऱ्या बाईला!

म्हणून आज ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसी फॉर्मबद्दल. योजना चांगली की वाईट हा वाद इथे घालायचा नाही, तो घालायला माणसं भरपूर आहेत. मी फक्त पडद्याबद्दल बोलणार आहे.

योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांना महिन्याला १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्या लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली. मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. पोर्टलवर क्रम असा : आधी स्वतःचा आधार क्रमांक, कॅप्चा, ओटीपी. मग पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, पुन्हा कॅप्चा, पुन्हा ओटीपी. मग जात प्रवर्ग. आणि शेवटी दोन विधानं, ज्यांच्यापुढे हो किंवा नाही निवडायचं. पहिल्याचा आशय असा की माझ्या कुटुंबातले सदस्य सरकारी विभाग, उपक्रम, मंडळ वगैरे ठिकाणी कायम कर्मचारी म्हणून कामाला नाहीत किंवा निवृत्तीनंतर निवृत्तीवेतन घेत नाहीत. दुसऱ्याचा आशय, माझ्या कुटुंबातली एकच विवाहित आणि एकच अविवाहित महिला लाभ घेतेय.

पात्र बाईचं बरोबर उत्तर पहिल्याला ‘हो’. म्हणजे ‘हो, नाहीत’.

पुढे काय झालं ते बातम्यांतून सगळ्यांनी वाचलं. चुकीचा पर्याय निवडला म्हणून लाभ थांबले, तक्रारी आल्या, एकदा दुरुस्ती करायची सोय आधीच द्यावी लागली होती, आणि जानेवारी २०२६ मध्ये अशा महिलांची अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी करायचं ठरलं. ज्या कामासाठी ऑनलाइन फॉर्म आणला, ते काम शेवटी सेविकेच्या चपलांवर आलं.

आता यामागचं शास्त्र बघू, कारण ‘बायकांना कळत नाही’ असं म्हणून हा विषय मिटवणारे लोक मला याच महिन्यात तीन भेटले.

पीटर वेसन नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होते. १९५९ आणि १९६१ मध्ये त्यांनी नकारार्थी वाक्यांवर प्रयोग केले. ‘चोवीस ही सम संख्या आहे’ आणि ‘चोवीस ही सम संख्या नाही’ अशा धर्तीची वाक्यं द्यायची, खरं-खोटं ठरवायला लावायचं, वेळ मोजायची. नकार असलेल्या वाक्यांना जास्त वेळ लागतो आणि चुकाही जास्त होतात असं दिसलं. पुढे १९७२ मध्ये हर्बर्ट क्लार्क आणि विल्यम चेस यांनी अमेरिकेत याच धाग्यावर नेमका प्रयोग केला. एक चित्र : वर चांदणी, खाली अधिकचं चिन्ह. शेजारी वाक्य : ‘चांदणी वर आहे’ किंवा ‘चांदणी वर नाही’ वगैरे. वाक्य चित्राशी जुळतं का ते बटण दाबून सांगायचं. चार प्रकार होतात : होकारार्थी खरं, होकारार्थी खोटं, नकारार्थी खोटं आणि नकारार्थी खरं. सगळ्यात कमी वेळ पहिल्याला लागला. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्याला, म्हणजे वाक्यात ‘नाही’ आहे आणि वाक्य खरं आहे तेव्हा.

हे परत वाचा, कारण सगळी गोम इथे आहे. नकार असलेलं खरं वाक्य हा प्रयोगशाळेत सगळ्यात अवघड ठरलेला प्रकार. आणि आपल्या फॉर्मवर पात्र बाईला जे उत्तर द्यायचं होतं, ते त्याच प्रकारचं! अपात्र बाईसाठी वाक्य खोटं होतं, म्हणजे तिचं काम उलट थोडं सोपं. प्रयोगात भाग घेणारी तरुण, शिकलेली माणसं होती, वाक्य चार-पाच शब्दांचं होतं. आपलं वाक्य वीसेक शब्दांचं, त्यात तिरप्या रेघांनी जोडलेली खात्यांची यादी, आणि ‘नाहीत’ हा निर्णायक शब्द पार शेपटाशी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नकारही शेवटीच कळतो. तोपर्यंत वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘घरात सरकारी नोकर आहेत का’ असा प्रश्न तयार झालेला असतो आणि त्याचं उत्तरही तयार असतं : नाही.

इथे माझ्या मते मराठीपुरती एक खास भर पडते, जी इंग्रजी पुस्तकांतून येणार नाही. कुणी विचारलं, ‘जेवला नाहीस का?’ तर तुम्ही काय म्हणता? कुणी म्हणेल ‘नाही, नाही जेवलो’. कुणी म्हणेल ‘हो, अजून नाही जेवलो’. दोन्ही बरोबर. दोन्हींचा अर्थ एकच. भाषाशास्त्रात याला दोन पद्धती म्हणतात : एकीत आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याशी सहमती दाखवतो, दुसरीत वस्तुस्थिती होकारार्थी की नकारार्थी ते सांगतो. बोलताना आपण दोन्ही बिनदिक्कत वापरतो, कारण नुसतं ‘हो’ म्हणून आपण थांबत नाही, पुढे अर्धं वाक्य जोडतो. ते जोडलेलं अर्धं वाक्यच खरं उत्तर असतं. पडद्यावर नेमकं तेच छाटलं जातं. उरतात दोन गोल, हो आणि नाही.

त्यात अक्कांसारखी बाई डोक्यात तेलुगूत उत्तर शोधते. ‘मा इंट्लो एवरू लेरु’, आमच्या घरात कोणी नाही. नाही म्हणजे ‘लेदु’. मग बोट कुठल्या गोलावर जाणार? चूक कुणाची, बोटाची?

‘किंवा’चा घोळ तर आणखी मजेशीर आहे. अकरावीच्या गणितात डी मॉर्गनचे नियम असतात, आठवतात का? ‘अ नाही किंवा ब नाही’ हे विधान दोन्हींतलं एक जरी नसलं तरी खरं ठरतं. म्हणजे एखादीचे सासरे निवृत्त कारकून आहेत, सरकारी पेन्शन घेतात, पण आता कामाला जात नाहीत. काटेकोर तर्काने बघितलं तर तिच्याबाबतीतही विधान खरं आहे आणि तिने ‘हो’च दाबायला हवं! लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं ‘हेही नाही आणि तेही नाही’. अर्थात कुणी तर्कशास्त्र घेऊन फॉर्म भरत नाही. पण सर्वेक्षणशास्त्रात एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबू नयेत हा पहिल्या आठवड्याचा धडा असतो, तो का असतो ते यावरून कळावं.

आणि ‘निवृत्तीवेतन’ या शब्दाचं भवानी पेठेत काय होतं ते ऐका. इथे पेन्शन म्हणजे सरकारी नोकराची पेन्शन नव्हे. इथे पेन्शन म्हणजे पीएफची, कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खालची, विडी कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाईला मिळणारी. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. ज्या सुनेच्या घरात सासूला ही पेन्शन येते, ती सून ‘निवृत्तीवेतन घेत नाहीत’ हे वाचून काय करेल? ती प्रामाणिक असेल तर चुकेल. खासगी कारखान्यातल्या विडी कामगाराची हजार रुपयांची पेन्शन या अटीत मोजायची नाही, हे वाक्यातल्या सरकारी खात्यांच्या यादीवरून कळतं असं म्हणता येईल. वकिलाला कळतं.

हे वाक्य आलं कुठून? माझ्या मते उत्तर सरळ आहे. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा अर्जासोबत हमीपत्र होतं. त्यात जवळपास हेच विधान होतं. हमीपत्रात ते शोभतं, कारण तिथे प्रश्नच नसतो. तुम्ही घोषणा करता : मी असं नाही, तसं नाही, खाली सही. टिकमार्क करायचा किंवा करायचा नाही. ते वाक्य कागदावरून उचलून पडद्यावर ठेवलं आणि त्याच्यापुढे हो-नाहीचे गोल लावले, तेव्हा घोषणेचा प्रश्न झाला. शब्द तेच राहिले, काम बदललं. कुणी दुष्टपणाने केलं असं मला अजिबात वाटत नाही. हमीपत्राचे शब्द विधी विभागातून तपासून आलेले असणार, मग त्यांना हात कोण लावणार? आपल्याकडे इंटरफेस असाच बनतो, मंजूर मजकुराला बटणं जोडून.

हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. २००० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं दोन पानांवर समोरासमोर छापली आणि छिद्रं मधोमध ठेवली. कारण चांगलं होतं : ज्येष्ठ मतदारांसाठी अक्षर मोठं करायचं होतं. परिणाम असा की अल गोर यांना मत देऊ पाहणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांनी पॅट ब्युकॅनन यांच्यापुढचं छिद्र पाडलं, असं नंतरच्या राज्यशास्त्रीय अभ्यासाने दाखवलं. आणि त्या राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी. तिथेही तेव्हा ‘नीट वाचता येत नाही का’ असं म्हणणारे होतेच.

ओटीपीचं थोडक्यात. दोन ओटीपी मागणाऱ्या फॉर्मने एक गृहीत धरलंय : बाई आणि नवरा (किंवा वडील) एकाच वेळी, एकाच जागी, आपापल्या आधारला जोडलेल्या चालू नंबरासह बसलेत. नवरा कारखान्यात पाळीवर असेल, मागाच्या खडखडाटात त्याला फोन ऐकू येत नसेल, तर? ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत त्यांच्यासाठी वेगळी सोय नंतर करावी लागली. ही उदाहरणं अपवादातली नाहीत. कुठल्याही गल्लीत पाच मिनिटं उभं राहिलं असतं तर समजली असती.

आता माझ्या क्षेत्रावरही जरा टीका, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. आमच्या पुस्तकांत ‘युजर’ म्हणजे एक माणूस, एक पडदा. पण आमच्या गल्लीत फॉर्म भरतो कोण? कोपऱ्यावरच्या केंद्रातला मुलगा. २०१० मध्ये नित्या सांबशिवन, एड कट्रेल, केंतारो टोयामा आणि बॉनी नार्डी यांनी बंगळुरूच्या दोन वस्त्यांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी मध्यस्थांमार्फत होणाऱ्या वापराचे तीन प्रकार मांडले. एकात मध्यस्थ तुमच्या वतीने यंत्रात माहिती भरतो, दुसऱ्यात यंत्राने जे दाखवलं त्याचा अर्थ तुम्हाला सांगतो, आणि तिसऱ्यात दोन्ही तोच करतो. आमच्याकडे बहुतेक तिसरा. पडदा त्याच्याकडे तोंड करून असतो, बाई काउंटरच्या अलीकडे. तो विचारतो, ‘‘घरात सरकारी नोकरीला कोण हाय का?’’ ती म्हणते, ‘‘नाही.’’ त्याने जर तिचं ‘नाही’ जसंच्या तसं दाबलं तर संपलं. विचारताना त्याने वाक्य सरळ केलं आणि दाबताना उलटं करायचं विसरला. तिने खरं सांगितलं, त्याने ऐकलेलं भरलं, आणि तरी नोंद खोटी.

‘सबमिट’च्या आधी एक पान असतं तर हे पकडलं गेलं असतं. ‘तुम्ही सांगितलंय की तुमच्या घरात सरकारी नोकर किंवा सरकारी पेन्शनर आहे. असं असेल तर लाभ बंद होईल. बरोबर आहे का?’ एवढंच, मोठ्या अक्षरात. ही काही माझी कल्पना नाही. जेकब नील्सन यांच्या १९९४ च्या प्रसिद्ध दहा निकषांत चूक होण्याआधीच रोखणं हा एक निकष आहे. वेबच्या आंतरराष्ट्रीय सुलभता निकषांत २००८ पासून स्पष्ट अट आहे की कायदेशीर किंवा आर्थिक परिणाम असलेला फॉर्म एकतर मागे घेता यावा, किंवा तपासला जावा, किंवा पाठवण्याआधी बघून दुरुस्त करता यावा. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची, आणि ती याच आंतरराष्ट्रीय निकषांवर उभी आहे. ३० एप्रिल २०२५ ला तर सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात, ॲसिड हल्ला झालेल्या आणि अंध व्यक्तींना ई-केवायसीत येणाऱ्या अडचणींबद्दल निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. नियम आहेत, निकाल आहे. फॉर्म मात्र त्यानंतर पाच महिन्यांनी आला आणि असा आला.

आणि गोलांपुढे नुसतं हो-नाही न लिहिता पूर्ण उत्तर लिहायचं : ‘घरात कोणीही सरकारी नोकर नाही’ एका बटणावर, ‘घरात सरकारी नोकर आहे’ दुसऱ्यावर. पेन्शनचा प्रश्न वेगळ्या पडद्यावर, ‘विडी, गिरणी, खासगी कंपनीची पीएफ पेन्शन यात धरू नका’ या ओळीसह. दोन तासांचं काम आहे, मी स्वतः मोजून सांगतेय. आक्षेप येतो की पडदे वाढले तर सर्व्हरवर ताण वाढेल. वाढू द्या, एका चुकीच्या उत्तरामागे सेविकेची एक फेरी जाते, तिचा ताण कोण मोजतो?

केंद्रातल्या त्या मुलाकडे परवा झेरॉक्स काढायला गेले होते. त्याच्या मॉनिटरच्या खालच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली एक चिठ्ठी दिसली, कुठल्याशा फॉर्मसाठी त्याने स्वतःलाच लिहून ठेवलेली. वर : ‘नोकरी नाही = हो’. त्याखाली : ‘पेन्शन कुठली ते विचारणे’. आणि सगळ्यात खाली, लाल पेनाने दोनदा गिरवलेलं : ‘दाबायच्या आधी त्यांना वाचून दाखव’.

मी फोटो काढू का विचारलं. तो म्हणाला, ‘‘काढा की, पण त्यात काय हाय एवढं?’’